साफीला जहाज लागलं तर सहा तासांत गाव कसं बघायचं

मोरोक्कोत साफीला फॉस्फोरिक अ‍ॅसिड भरायला जहाज लागलं, की जहाजावरची पोरं मराकेशला जायचे बेत करतात. दीडशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं आणि हातात तास सहा. तो नाद सोडा आणि साफीच बघा. मी चार वेळा उतरलोय. तीनदा बंदराबाहेर कॉफी पिऊन परत आलो, चौथ्यांदा शहाणा झालो. इथे काय काय विकलं जायचं ते विचारत फिरलं की गाव उलगडतं.

सुरुवात डेकवरूनच करा. अ‍ॅसिड पाण्याच्या दीडपटीहून जड, त्यामुळे टाकी निम्म्याच्या थोडी वर गेली की ड्राफ्ट, म्हणजे जहाजाने पाण्यात बुडायची खोली, पुरा होतो. हे अ‍ॅसिड बनतं दगडापासून. आत युसुफियाला फॉस्फेटच्या खाणी आहेत. १९३० च्या दशकात तिथून रेल्वे आली आणि दगड या बंदरातून जाऊ लागला. १९६५ पासून गावाच्या दक्षिणेला रसायनांचे कारखाने उभे राहिले. तिथे दगडावर सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालतात. त्यासाठी लागणारं गंधक मोरोक्कोला बाहेरून आणावं लागतं. आपल्याकडे फॉस्फेट जवळजवळ नाहीच, म्हणून हा माल कांडल्यासारख्या बंदरांत उतरतो आणि त्याचं डीएपी खत होतं. माझं घर कराडजवळ. सोसायटीतून आणलेलं १८:४६ चं पोतं वडील खांद्यावरून उतरवायचे. त्यातला ४६ चा आकडा म्हणजे असल्याच दगडाचं सत्त्व, म्हणजे स्फुरद, हे मला बोटीवर आल्यावर कळलं. त्या सत्त्वाच्या एका टनामागे सुमारे पाच टन जिप्सम निघतं, आणि इथे ते वर्षानुवर्षं समुद्रात सोडलं गेलंय.

जहाजाच्या एजंटकडून शोअर पास, म्हणजे गावात उतरायचा परवाना, घ्या, सुटे दिरहॅम ठेवा. भाव विचारायला ‘ब्शहाल?’ एवढा शब्द पुरतो. पहिल्यांदा मासळी बंदराकडे जा, तेही उपाशी. एके काळी साफी जगातलं सगळ्यात मोठं सार्डिन बंदर म्हणून मिरवायचं. सार्डिन म्हणजे आपली तारली. आमचा रत्नागिरीचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तिला दुसरं नाव घेऊच देत नाही. पुढे मासळी दक्षिणेकडे सरकली, तिच्यामागे बोटी गेल्या आणि डबाबंद मासळीचे बरेच कारखाने बंद पडले. निखाऱ्यावरची तारली मात्र अजून मिळते. जिरं-मीठ लावून पावाबरोबर खा, काटे बोटांनीच काढा.

तिथून किनाऱ्यावरचा पोर्तुगीज किल्ला. आत सोडतील या भरवशावर जाऊ नका. लाटांनी तो ढासळत चाललाय, बाहेरूनच बघा. पोर्तुगीज इथे १५०८ ते १५४१ होते. ते इथून धान्य, घोडे आणि लोकरी कापड उचलायचे आणि खाली पश्चिम आफ्रिकेत देऊन सोनं नि गुलाम घ्यायचे. १५४१ मध्ये मोरोक्कोच्या सादी सुलतानांनी पोर्तुगीजांकडून अगादिर घेतलं, तेव्हा पोर्तुगीजांनी साफीही सोडलं. जुन्या गावात मोठ्या मशिदीजवळ त्यांच्या चर्चचा एक तुकडा उरलाय, छताला दगडी फासळ्या आहेत. वसई, रेवदंडा पाहिलेल्याला हा हात ओळखू येतो. नंतर साफी मराकेशचं बंदर झालं, साखर बाहेर जाऊ लागली. मग १७६० च्या दशकात सुलतानाने दक्षिणेला मोगादोर (आजचं एसाविरा) वसवलं आणि धंदा तिकडे गेला. १९७० साली पपायरसच्या गवताची ‘रा २’ नाव याच बंदरातून निघून ५७ दिवसांत बार्बाडोसला पोचली. आणि आम्हाला स्टीलच्या जहाजातही धास्ती!

शेवटचे दोन तास कुंभारांच्या टेकडीला ठेवा. बाब शाबा दरवाजातून बाहेर पडलं की समोरच आहे. इथली माती चांगली. १९२० च्या सुमारास अल्जीरियाहून आलेल्या बुजमा लमाली यांनी शाळा काढून या कामाला नवं वळण दिलं. खड्ड्यात बसलेला कारागीर पायाने चाक ढकलतो आणि वर बोटांत ताजीनचं, म्हणजे शिजवायच्या मातीच्या भांड्याचं, झाकण उभं राहतं. त्याच्या टाचेला मातीचा थर असतो, तो वाळून भेगाळलेला. पहिल्याच दुकानात घेऊ नका, वर चढत जा. निळी थाळी आवडली तर माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा. खणखणीत वाजली तर घ्या. बद्द वाजली तर चीर आहे.

हिवाळ्यात समुद्र उसळला की बंदर बंद ठेवतात. मग एखादा दिवस जास्त मिळतो, पण त्यावर विसंबू नका. जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट यायच्या दोन तास आधी गँगवेवर, म्हणजे जहाजाच्या शिडीवर, हजर व्हा.

थाळी बॉयलर सूटमध्ये गुंडाळून गादी आणि भिंतीच्या मध्ये उभी खोचा. मी लॉकरमध्ये आडवी ठेवली होती. जिब्राल्टर यायच्या आधीच तिचे तीन तुकडे झाले.