चेट्टिनाडच्या वाड्यात पानावर जेवायचं, तर

मदुराईपासून साधारण ९० किलोमीटरवर कारैकुडी आणि आसपासच्या खेड्यांत, म्हणजे तमिळनाडूतल्या चेट्टिनाडमध्ये, चेट्टियार व्यापाऱ्यांचे वाडे आहेत. ब्रह्मी सागवानाचे खांब, एकामागे एक चौक. बरेच कुलूपबंद, काहींची हॉटेलं झालीत. कानाडुकातानचं ‘विसालम’ हा बापाने लेकीसाठी बांधलेला वाडा. कारैकुडीचं ‘द बंगला’ हे एका चेट्टियार कुटुंबाच्या जुन्या बंगल्यात १९९९पासून चालतं.

जेवायला मुक्काम करावा लागतो असं नाही, पण आदल्या दिवशी फोन करून पानं किती, त्यात शाकाहारी किती, हे सांगा. स्वयंपाक माणसं मोजून होतो. आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत याल. साडेबारा-एकला पोचा. पोळीची वाट पाहू नका, इथे भाताचंच राज्य.

पान आपल्यासारखंच, अग्र डावीकडे. पाणी शिंपडून हाताने पुसून घ्या. भाज्या, लोणचं, अप्पलम (पापड) पानाच्या वरच्या अर्ध्यात येतात, भात खालच्या. गोड आधी वाढलं तर ते शेवटासाठी राखू नका, तिथेच खाऊन टाका.

खरी गफलत भातात होते. वरण-तुपाचा पहिला भात आपण सवयीने दाबून खातो आणि रसमपर्यंत पोट भरतं. क्रम असा: वरण-तूप, सांबार, कुळंबु (चिंचेची दाट आमटी), रसम, शेवटी ताक किंवा दही. म्हणजे भात चार-पाच वेळा. दर वेळी मूठभरच घ्या. वाढपी ऐकत नाही, तेव्हा ‘कोंजम’ (थोडा) म्हणा. ‘पोदुम’ (पुरे) म्हणताना हात पानावर आडवा धरा, नुसत्या शब्दाने भागत नाही.

पानाला रसम धरवत नाही. भाताला खोल आळं करा, कड बोटांनी दाबून घ्या, रसम दोनदा थोडंथोडं घ्या आणि लगेच कालवा. थांबलात तर ओघळ थेट मांडीवर.

मांसाहारात कोळा उरुंडै (खिम्याचे तळलेले गोळे) आणि मिरीतलं कोंबडीचं वरुवल (सुकं परतलेलं) चुकवू नका. शहरातल्या ‘चिकन चेट्टिनाड’सारखा लाल जाळ इथे नसतो, मिरी, बडीशेप आणि कल्पासी, म्हणजे आपलं दगडफूल, पुढे असतं. मसाल्यात लवंगेच्या थोरल्या भावासारखं काही दिसलं तर ते मराठी मोक्कू, पांढऱ्या सावरीच्या सुक्या कळ्या. नाव मराठी, पण आपल्या मसाल्याच्या डब्यात बहुधा सापडणार नाही! काळ्या तांदळाची गोड कवुनी अरिसी मिळेल का, हे फोनवरच विचारा. तो तांदूळ तासन्‌तास भिजवावा लागतो.

जेवण झालं की पानाची वरची बाजू आपल्याकडे दुमडा. उलटी, बाहेरच्या बाजूला दुमडणं अशुभ प्रसंगीचं. हात धुऊन मग वाडा दाखवाल का विचारा, आणि अनवाणीच फिरा. अत्तंगुडीच्या फरशा काचेवर ओतून घडवतात, म्हणून पॉलिशशिवाय गुळगुळीत असतात. ओल्या पायाने सटकायला होतं.