चार्जिंग तपासायला बसण्यापूर्वी

मोटरसायकलचा सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू आली की पहिला संशय बॅटरीवर जातो, नवी बॅटरी बसवली जाते आणि दोष दुसरीकडेच असेल तर काही दिवसांत तीही उतरते. म्हणून दुकानात जाण्याआधी सामान जमवून, ठरावीक क्रमाने मोजमाप करणे स्वस्त पडते. एसी, डीसी व्होल्ट आणि ओहम दाखवणारा मल्टिमीटर, मोटरसायकलच्या बॅटरीसाठीचा छोटा चार्जर, पाने, पॉलिश पेपर, त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा आणि आकडे टिपायला वही एवढे हाताशी असावे. मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून तो किती ओहम दाखवतो ते आधीच टिपून ठेवावे, कारण पुढे मोजायचा रोध तेवढाच लहान असतो.

आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावावी. ९ एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला साधारण ०.९ अँपिअर प्रवाह पुरतो, आणि सीलबंद बॅटरीचे झाकण उघडून पाणी घालण्याचा मोह टाळावा. काढताना आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना चासिसला लागून ठिणगी उडते. चार्जर काढून काही तास गेल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले नाहीत, किंवा सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली कोसळला, तर मात्र बॅटरीच बदलावी. अशा बॅटरीवर पुढची कोणतीही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही.

मग इंजिन सुरू करून सुमारे ५,००० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टर्मिनलवरचे व्होल्टेज पाहावे. ते १३.५ ते १४.८ च्या दरम्यान हवे. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, बिघडला असे समजावे. आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) आकडा थोडा कमी दिसला म्हणून घाबरू नये, कारण एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबरच पेटतो आणि तो भार सतत असतो. वरून लावलेले जादा दिवे मात्र या तपासणीपुरते सोडवून ठेवावेत.

आकडा चढतच नसेल तर स्टेटरकडून (इंजिनातील वीज तयार करणारी गुंडाळी) रेक्टिफायरकडे (त्या एसी विजेची डीसी करणारा भाग) जाणाऱ्या तारांचा कपलर, म्हणजे पिनांचा जोड, शोधावा. थ्री-फेज (स्टेटरमधून तीन तारांनी वीज येणाऱ्या) गाड्यांत त्यात बहुधा तीन पिवळ्या तारा असतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. पावसाळ्यात भिजलेल्या गाडीच्या पिना हिरवट होतात, सैल पिन तापते, प्लास्टिक तपकिरी पडते, आणि निव्वळ पिना घासून घट्ट केल्याने पूर्ववत झालेले चार्जिंग मी पाहिले आहे. कपलर सुटा करून इंजिन बंद असताना तारांच्या तिन्ही जोड्यांचा रोध मोजावा. मीटरचा स्वतःचा रोध वजा जाता तो बहुधा एक ओहमपेक्षा कमी आणि तिन्हींत सारखा असतो, आणि कोणत्याही तारेचा इंजिनच्या धातूशी संपर्क दिसता कामा नये. त्यानंतर इंजिन चालू ठेवून त्याच जोड्यांवर एसी व्होल्टेज पाहावे. तिन्ही आकडे आरपीएमबरोबर सारखेच वाढले पाहिजेत. अचूक आकडा मॅन्युअलमधला घ्यावा. हे व्होल्टेज झटका देण्याइतके असते, म्हणून उघड्या पिनांना हात लावू नये. स्टेटर निर्दोष ठरला की संशय रेक्टिफायरवर आणि त्याच्या अर्थिंगवर (चासिसशी असलेल्या जोडणीवर) येतो.

चार्जिंग ठीक असूनही गाडी उभी असताना बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद करून निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेतून जोडावा. प्रवाह काही मिलिअँपिअरच असावा. जास्त दिसल्यास एकेक फ्यूज काढत जावे आणि कोणता काढल्यावर आकडा पडतो ते पाहावे. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये, कारण मीटरचाच फ्यूज उडतो. त्याचा एक जादा नग सुरुवातीलाच आणून ठेवावा.