पाढ्यांसाठी फासे वापरताय? आधी आकड्यात तीन मिळवा

दुसरी-तिसरीच्या वर्गात बेरजा आणि पाढे तोंडी बसवायचे असतील तर पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारातून मूठभर फासे आणा आणि दोन मुलांमागे दोन फासे द्या. बाकावर मोकळे टाकू देऊ नका, निम्मा तास बाकाखाली शोधण्यात जातो. झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून द्या. डबी हलवायची, बाकावर ठेवायची, वरून वाचायचं.

सुरुवातीला फक्त बेरीज. 'आधी सांगेल त्याला चिंचोका' असं मी ठेवलं होतं, पण सावकाश विचार करणारी मुलं गप्पच बसायला लागली. आता पाळी लावते: ज्याची पाळी त्यानेच सांगायचं, जोडीदाराने तपासायचं. बोटं मोजणाऱ्याला अडवू नका. पाच आणि सहा पडले की 'पाच-पाच दहा, वर एक' असं ते मूल एक दिवस आपणहून म्हणतं, आणि तो क्षण फार सुंदर असतो.

गुणाकाराला मात्र साधे फासे अपुरे पडतात. सहा सक छत्तीस, तिथेच गाडी थांबते. मुलं तर अडतात सात-आठ-नवावर. म्हणून प्रत्येक फाशावरच्या आकड्यात 3 मिळवून मग गुणायला सांगा. 4 आणि 6 पडले तर 7 आणि 9, सात नव्वे त्रेसष्ट. एकाच खेळात बेरीजही होते आणि 4 ते 9 चे पाढेही फिरतात. रोज दहा मिनिटं, परिपाठानंतर लगेच. मुलं ताजीतवानी असतात तेव्हाच.