एआरटी केंद्रातील नोंदींतून संशोधन कसे उभे करावे

एचआयव्ही उपचारांवर संशोधन करायचे तर आधी मोठे अनुदान हवे, हा समज जिल्हा रुग्णालयांनी सोडावा. भारतात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे, १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. ही औषधे देणाऱ्या केंद्रातील प्रत्येक रुग्णाच्या पांढऱ्या कार्डावर वजन, सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या), औषधे आणि पुढील भेटीची तारीख लिहिली जाते; संशोधनाचा कच्चा माल तोच.

प्रश्न एकच आणि नेमका निवडावा. ‘रुग्ण औषध का सोडतात?’ हा प्रश्न फार पसरट आहे. ‘पहिल्या सहा महिन्यांत येणे थांबवलेल्यांपैकी किती जण ऊसतोडीसाठी गाव सोडून गेले होते?’ याचे उत्तर मिळते आणि जाणाऱ्यांना एकदम किती महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, याचा विचारही त्यावरून करता येतो. समुपदेशक व डेटा मॅनेजर यांना पहिल्याच बैठकीपासून सोबत घ्यावे, कारण कार्डावरची चौकट रिकामी का राहिली, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला हक्कही त्यांचाच आहे.

माहिती काढण्यापूर्वी नैतिकता समितीची मान्यता घ्यावी आणि नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे. संख्याशास्त्रासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची मदत घ्यावी.

निष्कर्ष हाती येताच, शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता, ते केंद्राच्या मासिक बैठकीत मांडावेत.