रिचार्जेबल बॅटरी वापरताना या चुका टाळा

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या घरात आज इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी, मोबाइल आणि ई-स्कूटरची लिथियम-आयन बॅटरी आणि खेळण्यांतले निकेल-मेटल हायड्राइड (रिचार्जेबल पेन्सिल) सेल असे तिन्ही प्रकार सहज सापडतात. बहुतेक बिघाड होतात ते एका प्रकाराचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे.

मोबाइल पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयन बॅटरी वारंवार शून्यावर नेल्यास उलट लवकर झिजते. तिला साधारण 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हिताचे. तिचा खरा शत्रू उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत भर उन्हातून आलेली ई-स्कूटर लगेच चार्जिंगला न लावता बॅटरी निवू द्यावी, आणि घराच्या दाराजवळ किंवा जिन्यात चार्जिंग कधीही करू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच बंद होते. मोबाइलची मागची बाजू फुगलेली किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसली, तर ती दाबून बसवू नये. वापर आणि चार्जिंग तत्काळ थांबवून फोन दुरुस्ती केंद्रात द्यावा.

इन्व्हर्टरचा बॅकअप कमी झाला की अनेकजण थेट नवी बॅटरी घेतात. आधी पाण्याची पातळी पाहावी. पातळी दाखवणारा तरंगता दांडा खालच्या खुणेच्याही खाली गेला असेल, तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे प्लेट खराब होतात. ॲसिड मुळीच घालू नये. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवणे धोक्याचे आहे.

रिचार्जेबल पेन्सिल सेल 1.2 व्होल्टचा असतो, साधा अल्कलाइन 1.5 व्होल्टचा. दोन्ही एकत्र घालू नयेत, आणि अल्कलाइन सेल चार्जरमध्ये तर कधीच ठेवू नये. तो गळू किंवा फुटू शकतो.

निकामी लिथियम बॅटरी घंटागाडीत टाकल्यास कचरा दाबला जाताना ती पेट घेऊ शकते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावून त्या ई-कचरा संकलनात द्याव्यात. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी बहुधा दुकानदारच परत घेतो आणि नवीच्या किमतीतून रक्कम वजा करतो. ती ॲसिड गटारात ओतून शिसे काढणाऱ्याच्या हाती देऊ नये.