कस्टम्स व्हॅल्युएशन (आयात मालाची ड्युटीसाठी किंमत ठरवणं) शिकताय? रूल ४ आणि ५ नीट वाचा

कस्टम्स अ‍ॅक्टचं सेक्शन १४, इन्व्हॉइस, सीआयएफ (माल, विमा आणि भाडं धरून किंमत) वगैरे येतं असं धरून चालतो. २००७ च्या व्हॅल्युएशन रूल्समधली ३ ते ९ ही किंमत ठरवायच्या पद्धतींची उतरंड पाठ होते हो, घाम फुटतो तो कस्टम्सची क्वेरी आल्यावर, आयडेंटिकल (रूल ४, तंतोतंत तसाच माल) आणि सिमिलर (रूल ५, मिळताजुळता माल) गुड्सपाशी. मला अजूनही फुटतो, त्यामुळे तुम्हाला फुटला तर घाबरू नका.

एकदम तुलनेवर उडी मारायची नाही. आधी रूल १२ खाली डिक्लेअर्ड व्हॅल्यू (तुम्ही जाहीर केलेली किंमत) नाकारली जायला हवी आणि शंका कशामुळे आली हे मागितलं तर लेखी द्यावं लागतं. तर मागा, लाजता कशाला!

आता मला ज्याने लोळवलं ते. एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा नंबर) सेम म्हणजे माल सेम, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. नाही म्हणजे नाही. समजा तुमचे चीनमध्ये बनलेले बिनब्रँडचे ५०० एमएल स्टील फ्लास्क आहेत, २०,००० नग, ९६१७ मध्ये. कस्टम्सने तुलनेला दाखवलेली दुसऱ्या आयातीची एंट्री पण ९६१७ चीच, पण नामांकित ब्रँड, थायलंडमध्ये बनलेला, ३०० नग. देश वेगळा, तिथेच ती आयडेंटिकल पण नाही आणि सिमिलर पण नाही, विषय संपला. आणि देश म्हणजे माल बनला तो, दुबईच्या जेबेल अली बंदरावरून बोटीत चढला म्हणून चिनी फ्लास्क दुबईचा होत नाही. देश जुळला तरी ब्रँडचं नाव, स्टीलचा ग्रेड, आयातीचा काळ, घाऊक की किरकोळ, नग किती हे सगळं बघायचंच, नग किंवा घाऊक-किरकोळ लेव्हल जुळत नसेल तर पुराव्यावर अ‍ॅडजस्टमेंट होते, अंदाजाने नाही.

"डेटा काढ आणि सरासरी मार" सांगणारे सीनियर प्रत्येक ऑफिसात असतात, चहा त्यांच्याबरोबर प्या, व्हॅल्युएशन शिकू नका. एकापेक्षा जास्त किमती सापडल्या तर रूल सर्वात कमी घ्यायला सांगतो, सरासरी नाही.

आणि डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) चढतंय म्हणून क्लायंट "वाढीव व्हॅल्यू मान्य" असं लिहून द्यायला निघतो, त्याला आधी खुर्चीत बसवा. लेखी मान्य केलं की सेक्शन १७(५) ची स्पीकिंग ऑर्डर (कारणं देऊन लिहिलेला आदेश) मिळत नाही, मग अपिलात भांडायचं कशावर? पोर्टचा खर्च आणि वाढीव ड्युटी कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवा, मग सही करायची की नाही ते त्याला ठरवू दे.