परभाषिक भागात मिशनसेवेला जाताना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांमधून परप्रांतात, किंवा राज्याच्याच सीमेवरील आदिवासी तालुक्यांत, सेवेसाठी निघालेल्या तरुणांना निरोपाच्या उपासनेत शाल, शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत आणि भरपूर आशीर्वाद मिळतात. परंतु तिथे पोचल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. हे टिपण त्या सोमवारासाठी आहे. काही वर्षे मेळघाटात आणि पुढे त्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशात काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की पहिली दोन वर्षे भाषेला द्यावीत आणि तोवर उपदेश करण्याच्या भानगडीत पडू नये.

निघण्यापूर्वी, त्या भागात आपल्याआधी कोण पोचले आहे, हे पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.७८ कोटी, म्हणजे २.३ टक्के, ख्रिस्ती आहेत; पण ही सरासरी फसवी आहे, कारण नागालँड आणि मिझोराममध्ये तेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर जाते. केरळातील सुरियानी मंडळ्या युरोपीय मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि रांचीच्या परिसरात गोस्नर मिशनचे जर्मन लोक १८४५ मध्येच आले होते. तेव्हा कोरी पाटी समजून कुठेही जाऊ नये. पोचल्यावर आधी तिथल्या पाळकांना आणि फादरांना भेटावे, ते कोणत्या पंथाचे आहेत हे न पाहता भेटावे, आणि त्यांच्या मंडळीतील माणसे आपल्याकडे ओढून आपला आकडा वाढवणार नाही, असे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे. एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते. ती पद्धत आज उरलेली नाही, पण तिच्यामागचा शहाणपणा अजून उपयोगी आहे.

कायद्याचे वाचन स्वतः करावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे, परंतु तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात असे स्पष्ट केले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. त्याखेरीज राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. ओडिशाचा १९६७ चा आहे, मध्य प्रदेशने १९६८ च्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा आणला, आणि त्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने व विधी करणाऱ्या धर्मगुरूने जिल्हादंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी सूचना देण्याची अट आहे. हे कायदे वरचेवर बदलतात, म्हणून ज्या जिल्ह्यात राहणार त्या राज्याची अद्ययावत प्रत वकिलाकडून समजून घ्यावी. दुसऱ्यांच्या देवदेवतांविषयी कुत्सित बोलणे तर कायद्याने अडचणीचे आहेच, पण त्याहून आधी ते असभ्य आहे. परदेशातून कोणी पाहुणे येणार असतील, तर पर्यटक व्हिसावर त्यांना प्रचाराचे काम करता येत नाही, हे त्यांना तिकीट काढण्यापूर्वी कळवावे.

आता भाषा. नवा माणूस इथे दोन चुका करतो. पहिली अशी, की हिंदी येते म्हणजे काम भागले, असे तो धरून चालतो. मेळघाटात धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत घराघरांत कोरकू बोलली जाते, आणि तिचे कूळ मराठीचेही नाही, हिंदीचेही नाही. तिचे नातलग शोधायचे तर झारखंडकडच्या मुंडारी आणि संथाळीपर्यंत जावे लागते. गडचिरोलीत भामरागडकडच्या माडिया भाषेचे नाते तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळाशी आहे. बाजारात हिंदी चालते, तलाठ्यासमोर मराठी चालते, पण मूल तापाने फणफणले असता आई ज्या भाषेत बोलते ती यांपैकी कोणतीही नसते, आणि सेवकाला शेवटी त्याच भाषेत ऐकता यायला हवे.

दुसरी चूक आपल्यासारख्या मराठी माणसांची खास आहे. ओळखीचा शब्द दिसला, की आपण त्यावर डोळे झाकून विश्वास टाकतो. हिंदी मुलखात एका घरी जेवायला बसलो असता, घरात माणसे किती, असे त्यांनी विचारले, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने 'हमारा संसार छोटा है' असे उत्तर दिले. यजमान काही क्षण गंभीर झाले, कारण त्यांच्या लेखी मी जगाच्या क्षुद्रतेवर भाष्य केले होते. हे हसण्यावारी गेले. परंतु 'शिक्षा' म्हणजे तिकडे शिक्षण, 'राग' म्हणजे गाण्यातला राग किंवा आसक्ती, आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, हे लक्षात न घेता 'देवाचा राग' असा विषय घेऊन उभे राहिलात, तर सगळे प्रवचन तिरपे जाते. केरळात शास्त्र उघडले तर देवाला 'दैवम्' म्हटलेले आढळते, आणि आपल्या कानाला ते नशीब वाटते. अशा फसव्या शब्दांची एक यादी पहिल्या महिन्यापासून वहीच्या शेवटच्या पानांवर करीत जावी.

शिकण्याची पद्धत साधी आहे. तुमच्या मंडळीशी संबंध नसलेला एखादा स्थानिक माणूस शिक्षक म्हणून ठेवावा, त्याला ठरलेले मानधन वेळेवर द्यावे आणि त्याला धर्माविषयी काहीही विचारू नये. तो फुकट शिकवायला तयार झाला तरी पैसे द्यावेत, कारण फुकटच्या शिकवणीत चूक दाखवण्याचा त्याला संकोच वाटतो. शब्द वर्णानुक्रमाने लिहू नयेत. चुलीपाशी कोणते शब्द लागतात, शेतात कोणते, आजारपणात कोणते, मयताच्या घरी कोणते, अशी पाने पाडावीत. कोरकूत माणसाला 'कोरो' म्हणतात आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे, म्हणजे 'कोरकू' या जमातीच्या नावाचा अर्थच माणसे असा होतो; असे एक सूत्र हाती लागले, की पुढची पन्नास नामे आपोआप सुटतात. मुलांच्या संगतीत बसायला लाजू नये. १७०६ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरलेला त्सीगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी पोरांबरोबर वाळूत बोटाने तमिळ अक्षरे गिरवीत बसला होता, आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला.

भाषा येऊ लागल्यावर भाषांतराचा मोह होतो. त्याला एक कसोटी लावावी. केलेला उतारा मंडळीबाहेरच्या, निरक्षर असल्यास अधिक चांगले, अशा माणसाला सावकाश वाचून दाखवावा आणि त्याने काय ऐकले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. 'कळले का' असे विचारू नये. त्याला सगळे जण 'हो' म्हणतात. आत्म्यासाठी तुम्ही निवडलेला शब्द गावात भुताखेतांसाठी वापरला जातो, असल्या गोष्टी या फेरमांडणीतच उघड होतात. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून शास्त्राचे जे मराठी भाषांतर केले, त्यात खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गाण्यांचेही तेच. फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याने १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा सुमारे ११,००० ओव्यांत सांगितली, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंगांत ख्रिस्त गायिला, तो ओवी आणि अभंग इथल्या लोकांच्या ओठांवर होते म्हणून. तेव्हा टिळकांचे अभंग कोरकू गावात नेऊन शिकवणे म्हणजे टिळकांनी जे केले त्याच्या उलट करणे होय. तिथली चाल तिथल्याच गाणाऱ्याला बांधू द्यावी.

पैशाचे थोडक्यात सांगतो. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, दुसऱ्या संस्थेला ती वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही. जमीन घेण्याची घाई करू नये. महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि गावात भाड्याची खोली पुरते. दवाखाना किंवा शाळा चालवत असाल, तर केसपेपरवर आणि प्रवेशअर्जावर उपासनेचा उल्लेखही नसावा, आणि औषध घ्यायला आलेल्या माणसाला त्या दिवशी पत्रक देऊ नये.

कोणी आपण होऊन बाप्तिस्मा मागितला, तर आनंदाच्या भरात लगेच तारीख ठरवू नये. आधी त्याला त्याच्या घरच्यांसह बसवून परिणाम समजावून सांगावेत. तो अनुसूचित जातीचा असेल, तर १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर त्याचा तो दर्जा आणि त्यासोबतच्या सवलती राहत नाहीत. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अशी अट नाही. मुलाची शिष्यवृत्ती बंद झाल्यावर ही गोष्ट कळलेला बाप मी पाहिला आहे, आणि त्याला हे आधी न सांगणारा सेवक त्या गावात पुन्हा तोंड दाखवू शकला नाही. सगळे ऐकून घेऊन, राज्याच्या कायद्याप्रमाणे कागद पुरे करून तो ठाम राहिला, तर विधी स्थानिक पाळकाच्या हातून व्हावा, त्याच्या भाषेत व्हावा, आणि तुम्ही मागच्या सतरंजीवर बसून न कळलेले शब्द वहीत टिपून घ्यावेत.